मधलं गणित

सबनीस चहा पीत नसत, त्याच्याकडे बघत बसत. पन्नासच्या दशकात पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात आमची टेबलं शेजारीशेजारी होती. कपात थर्मामीटर बुडवून ते म्हणत, "उकळता चहा कळतो, निवलेलाही कळतो. मधलं काय?" तोवर माझाही चहा गार झालेला असे.

हे "मधलं काय?" त्यांनी डॉक्टरांनाही ऐकवलं. त्यांच्या पत्नी कमलताई सहा महिने तळेगावला क्षयाच्या दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, "औषध रोज टोचतोय. बऱ्या होतील." सबनीस म्हणाले, "ते कळलं. मधलं काय?"

उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच गणित मांडलं. चौकटींच्या कागदावर फुप्फुस काढलं, आत दुखरा डाग शाईने रंगवला. तुरीचे दाणे म्हणजे औषध. दोन कवड्या टाकायच्या आणि त्या उलट्या-सुलट्या पडतील त्या दिशेला दाणा एक घर सरकवायचा. डागावर किती दाणे पोचतात ते वहीत नोंदवायचं. रोज नवे दाणे आत यायचे, काठाशी पोचलेले बाहेर जायचे, त्यामुळे पट कधी स्थिरावतच नसे. "परदेशात असल्या गणिताला खोलीएवढं यंत्र लागतं," ते सांगत. इथे जेवणाच्या सुट्टीत आम्ही लागत होतो.

एकदा बाटल्या धुणारे भिकूनाना कळवळून म्हणाले, "सायेब, दाणा डागावर गेला न्हाई. आमी परत टाकू का?"

सबनीस कडाडले, "पडल्या त्या पडल्या! लबाडी केलीत तर उत्तर खोटं येईल, नाना!"

"मंग खरंच उत्तर कशापायी पायजे?" नाना पुटपुटले. सबनीसांनी दोन दिवस त्यांना कवड्यांना हात लावू दिला नाही.

मला त्यांचा संताप यायचा. बायको तिकडे खोकतेय आणि हे गृहस्थ डाळ सरकवताहेत! पण एका रविवारी डॉक्टरांनी त्यांना कमलताईंना भेटूच दिलं नाही. ताप फार चढलाय म्हणाले. सोमवारी सबनीसांनी कवड्या माझ्यापुढे सरकवल्या. त्या मी टाकल्या.

दाणा डागाला अगदी लागून होता. कवड्यांनी त्याला उलट दिशेला धाडलं. मी तो गुपचूप डागावर ठेवला. वर बघायचं धाडस होईना.

सबनीसांनी कवड्या पाहिल्या, दाणा पाहिला. मग वही ओढून त्यांनी तो डागावरच नोंदवला आणि हळूच म्हणाले, "पुढच्या टाका."

मी कवड्या उचलल्या, पण टाकवेनात. नानांवर ओरडले तसं त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं.