कोहकाटोल्याची सात वाक्यांची गोष्ट

एखादी गोष्ट लहान मुलांना फार आवडू लागली, की तिची चौकशी होणं राष्ट्राच्या हिताचं असतं. मोठ्यांना काय आवडतं ते बघायला पोलीस आहेत. मुलांसाठी आम्ही होतो.

साल १९५५. मी तेव्हा चांदा जिल्ह्यात शाळा तपासत असे. सूरजागडच्या डोंगराच्या पायथ्याला कोहकाटोला नावाचं गाव. शाळेला गवताचं छप्पर, एक मास्तर, पटावर एकेचाळीस मुलं. रोजची हजेरी अकरा आणि बुधवारची चौसष्ट. (पटापेक्षा हजेरी जास्त असायला आमच्याकडे बंदी नव्हती, फक्त कारण लिहावं लागे.) लटारू मास्तरांनी कारण लिहिलं होतं: "शाळेत पाणी भरणारी इतवारीबाई बुधवारी डोंगरातली एक गोष्ट सांगते. ती ऐकायला शेजारच्या पाड्या-टोल्यांवरची मुलं येतात. तीन म्हातारेही येतात."

या एका बुधवारामुळे आठवड्याची सरासरी एकोणीसवर जात होती. पंधराच्या खाली गेली तर शाळा बंद, असा नियम.

"सायेब, गोष्ट हाये म्हून शाळा हाये," मास्तर हात जोडून म्हणाले. "तिले हात नका लावू. दुसरी शाळा नऊ कोसावर हाये, मंधात दोन नाले."

मी त्यांना धीर दिला. हात लावायचा प्रश्नच नव्हता. आम्ही फक्त तिच्या आकर्षणाचा अभ्यास करणार होतो.

समिती तिघांची. एक मी. दुसरे चांद्याचे निवृत्त हेडमास्तर गुणवंतराव, ज्यांना कशातूनही बोध काढता येत असे (एकदा त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकातून काढला होता). तिसरा अहेरीचा कारकून कय्यूम, कारण लिहायला कोणीतरी हवं.

बुधवारी आम्ही खुर्च्यांवर बसलो. बसण्याआधी मी नेहमीची आज्ञा दिली: "हाताची घडी, तोंडावर बोट!" चौसष्ट बोटं चौसष्ट तोंडांवर गेली. म्हाताऱ्यांचीही. इतकी शांतता मी त्या जिल्ह्यात कधी अनुभवली नव्हती, आणि तिचं श्रेय अहवालात मी स्वतःकडे घेतलं आहे.

इतवारीबाईंनी सुरुवात केली.

"डोंगरावर एक गाव होतं."

"हूं," कय्यूम म्हणाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची लेखणी खाली पडली.

"गावात एक पोरगी होती... तिची एक शेरी होती... शेरी डोंगरात गेली... पोरगी तिच्या मांगं गेली... वाटेत अस्वलाचं घर होतं... पोरगीनं आत डोकावून पाह्यलं..."

प्रत्येक वाक्यानंतर बाई थांबत, आमच्या तोंडाकडे बघत. सातव्या वाक्यानंतर फार वेळ थांबल्या, सगळ्यांवरून नजर फिरवली, घागर उचलली आणि निघून गेल्या.

"सायेब, गोष्ट अधुरी राह्यली वाटते," कय्यूम हळूच म्हणाला.

"तुम्ही लिहा. वाटणं आमच्याकडे आहे," मी म्हणालो.

आमचे निष्कर्ष असे निघाले. गोष्टीचं आकर्षण तिच्या लघुत्वात आहे: वाक्यं सात, सरासरी विराम अकरा सेकंद. शेवट बालिकेच्या जिज्ञासेवर करणं ही उच्च कला आहे. बोध: शेळी बांधून ठेवावी. (हा गुणवंतरावांचा. मी 'पोरगी बांधून ठेवावी' सुचवला होता, तो दोनास एक मतांनी पडला. कय्यूमला मत असतं हे मला तेव्हाच कळलं.)

गोष्ट छापली. खाली बोध आणि चौदा प्रश्न. दर बुधवारी मास्तरांनी ती पुस्तकातून वाचावी, मुलांनी तोंडावर बोट ठेवून ऐकावी, आणि इतवारीबाईंनी पाणी भरावं, असा हुकूम मीच काढला. पहिल्या बुधवारी हजेरी चौसष्ट, दुसऱ्या बुधवारी तीस. तिसऱ्या बुधवारी नऊ, पैकी दोन झोपलेले.

मधल्या काळात जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पण सरासरी काही वर गेली नाही. सत्तावन्न साली मी शाळा बंद करायला कोहकाटोल्याला पोचलो. तो बुधवार होता. शाळेत लटारू मास्तर एकटेच. मोहाच्या झाडाखाली मात्र ही गर्दी! मधोमध इतवारीबाई. गोष्टीत पोरगी अस्वलाच्या घरी जेवायला बसली होती आणि शेळी वाढत होती. दर वाक्याला साठ-सत्तर गळ्यांतून एकदम उठे, "हूं!" की बाई पुढे जात.

मी तासभर उभा राहिलो. गोष्ट संपायचं नाव नव्हतं.

"बाई," मी विचारलं, "ही तर सात वाक्यांची होती ना?"

"नाई जी. त्या दिवशी पयल्या हूंनंतर कोनी हूं म्हनलंच नाई. मले वाटलं, तुमाले झोप लागली. झोपलेल्या मानसाले काऊन सांगू?"

मी ब्रह्मपुरीकडचा. लहानपणी आत्याच्या मांडीवर 'हूं, हूं' करत मी शेकडो गोष्टी ऐकल्या, आणि हूं थांबलं की ती मला पांघरूण घालून उठत असे. हे मला माहीत होतं. पण खुर्चीवर बसल्यावर आठवलं नाही. मला फार लाज वाटली. मास्तरांनी शाळेची किल्ली माझ्या हातात दिली, आणि मी ती घेतली, कारण हुकूम होता.

परत आल्यावर शाळा पुन्हा उघडावी असं मी वर लिहिलं. उत्तर आलं: 'सदर शाळेच्या चालू हजेरीची सरासरी कळवावी.' ते पत्र अजून माझ्याकडे आहे.

आता तुम्ही. पहिल्या ओळीपासून मी सांगतो आहे आणि तुम्ही शेवटाला आलात. एकदा तरी हूं म्हणालात? इतवारीबाई सातव्या वाक्याला उठून गेल्या असत्या. मी मात्र थांबलो नाही, कारण झोपलेल्यांपुढे बोलत राहण्याची मला पगारी सवय आहे, आणि तोंडावर बोट ठेवून बसायची तुम्हाला मीच लावलेली.