आधी खालून, मग वरून, मग गळ्याशी

आमच्या सोसायटीतले काशीदादा घरत कुठल्याही झाडाला हात लावण्याआधी दार वाजवतात. म्हणजे अक्षरशः. लाकडी हातोडा घ्यायचा, बुंध्यावर ठक ठक करायचं, कान टेकवायचा आणि खणखणीत आवाजात विचारायचं, "कोन हाय घरात?"

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातात दुधाची पिशवी होती. ती तशीच घेऊन घरी आले आणि यांना म्हटलं, "अहो, तळमजल्यावरच्या घरतांचं काहीतरी बिनसलंय. ते गुलमोहराशी बोलतायत." हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "गुलमोहर उत्तर देत नाही ना? मग ठीक आहे."

पण तो देतो म्हणे! काशीदादांनीच मला नंतर समजावलं. आतून भरीव असेल तर 'ठक' येतं, पोखरलेलं असेल तर 'ढब'. "ठक आलं तर मालक घरात हाय, वयनी. ढब आलं तर समजायचं, वाळवी भाडेकरू." तेव्हापासून हा माणूस जे दिसेल ते ठोकत सुटलेला मी पाहिला आहे. बाजारात कलिंगडं, आमचं डायनिंग टेबल, सामंत चेअरमनची नवी गाडी. एकदा जिन्यात खोकणाऱ्या आमच्या यांची पाठसुद्धा ठोकली. "ढब येतंय, सायब. डाक्तरला दाखवा." आणि खरंच कफ निघाला हो छातीत!

ही विद्या त्यांनी आणली इंग्लंडहून. आमची सोसायटी उभी आहे ती काशीदादांच्याच जमिनीवर. बिल्डरला जमीन देताना त्यांनी एकच अट घातली, अंगणातल्या उंबराला हात लावायचा नाही. बिल्डरने भिंत वाकडी घेतली, पण उंबर ठेवला. पुढे काशीदादांची बायको गेली. मुलगा नितेश नोकरीला इंग्लंडमध्ये. तो वडिलांना हवापालटासाठी घेऊन गेला. पनवेलचा माणूस तिथे करणार काय? खिडकीत बसायचे. एके दिवशी शेजारच्या बागेत पीटर नावाचा झाडं छाटणारा आला, दोरांना लटकून ओकच्या झाडावर चढला, आणि आमच्या काशीदादांचं मन परत ताजं झालं. लहानपणी ताडामाडांवर चढलेला माणूस तो. चहा द्यायच्या निमित्ताने बागेत गेले, दोर धरायच्या निमित्ताने थांबले आणि परत येईपर्यंत पीटरचे चेले आणि दोस्त होऊन बसले.

लोक विलायतेहून चॉकलेटं आणतात, सेंट आणतात. हे आले ते नारंगी हेल्मेट, त्याला पुढे जाळीचा पडदा, कमरेला बांधायचे पट्टे, दोरखंड, लोखंडी कड्या, कप्प्या आणि वाकड्या पात्याची करवत घेऊन. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, हे काय आहे? तर म्हणाले, "झाडाच्या आपरेशनचं सामान." अधिकारी म्हणाला, डॉक्टर आहात? "हाय, पन पेशंट बोलत नाय."

तिकडची झाडं मात्र त्यांच्या तोंडी कायमची बसली. पनवेलमधला प्रत्येक माणूस त्यांच्या हिशेबात कुठलं ना कुठलं विलायती झाड आहे. सामंत म्हणजे सिकामोर. "कुटं पन उगवतो, कुनी बोलवायची गरज नाय." आमचे हे म्हणजे बर्च. "गोरा, देखना, पन अवेळी छाटला तर रडतो." मला म्हणाले, "तुमी ओक." मी खूष झाले, तर पुढे म्हणतात कसे, "जागचा हलत नाय आनि कुनाचं ऐकत नाय." मी म्हटलं, आणि तुम्ही कोण हो? बीच की यू? तर छाती पुढे काढून म्हणाले, "आमी उंबर. इंग्लंडात मिळनार नाय!"

आणि त्यांचा मंत्र. मोठी फांदी नुसती वरून कापली तर अर्ध्यात मोडते आणि मोडताना खोडाची साल ओरबाडत खाली नेते. म्हणून आधी खालून थोडा छेद द्यायचा, मग जरा पुढे वरून कापून वजन उतरवायचं आणि शेवटी खोडाशी जिथे फांदीचा फुगीर गळा असतो, तिथे उरलेला खुंट हलकेच काढायचा. "आधी खालून, मग वरून, मग गळ्याशी." झाडापुरतं हे ठीक होतं. सामंतांच्या साठीला केक कापायचा मान काशीदादांना दिला, तर या गृहस्थाने केक उचलून सुरी आधी खालून लावली. केक सामंतांच्या सदऱ्यावर. माणसाला झापायचं असलं तरी हीच रीत. आधी खालच्या पट्टीत एक टोमणा, मग वरच्या पट्टीत आवाज, मग गळ्याशी. मीटिंगमध्ये मी ही पद्धत वापरून पाहिली आहे. उत्तम चालते.

लग्नसराईत तर काशीदादांचा नुसता रुबाब! मांडवाची मुहूर्तमेढ लागते ती उंबराच्या फांदीची, आणि आसपासच्या गावांतून लोक फांदी मागायला यांच्याकडे येतात. मग हेल्मेट, पट्टे, हातोडा अशा पूर्ण इतमामात काशीदादा उंबरावर चढतात. "मुलगा काय करतो? मुलगी काय शिकली?" हे सगळं वरूनच विचारायचं आणि मग त्या लग्नाला शोभेल अशी फांदी निवडून उतरवायची. पण एक फांदी मात्र कधीच नाही. पूर्वेकडची, अंगणावर आडवी पसरलेली. कोणी तिच्याकडे बोट दाखवलं की यांचा चेहरा बंद. "ती नको." एवढंच. मी एकदा खोदून विचारलं तर मलाही "ती नको, वयनी." म्हटलं, राहिलं! आम्हाला काय करायचंय?

यंदा करायचं आलं. आमच्या गौरीचं लग्न ठरलं आणि तिने हट्ट धरला, हॉलबिल नको, मांडव अंगणात, उंबराखाली. पत्रिका वाटून झाल्या. आणि ऐन वैशाखात एका दुपारी वावटळ उठली, कडाडकन आवाज झाला आणि ती पूर्वेची फांदी खोडाशी फाटली. पडली नाही. नुसती लोंबकळत राहिली, बरोबर आमच्या मांडवाच्या जागेवर आणि सोसायटी ऑफिसच्या सिमेंटच्या पत्र्यांवर.

सामंतांनी तातडीची सभा घेतली. म्हणाले, फांदी नव्हे, अख्खं झाडच काढू. क्रेनवाला कळंबोलीत आहे, रीतसर परवानगी घेऊ, कटकट मिटेल. कोणी म्हणालं, अहो, औदुंबर आहे, दत्तगुरूंचं झाड. सामंत म्हणाले, "दत्तगुरूंनीच फांदी मोडून इशारा दिलाय." या माणसापुढे दत्तगुरूंचंही काही चालायचं नाही!

मी पाहतेय, काशीदादा मान खाली घालून हेल्मेट पुसत बसलेले. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि सुरुवात केली, खालून नाही की वरून नाही, थेट गळ्याशी. "काशीदादा, गावभरच्या झाडांची वजनं उतरवता तुम्ही! ही फांदी एवढी लांब, एवढी जड झालेली तुम्हाला दिसत नव्हती? दर वर्षी थोडी छाटली असती तर आज ही वेळ आली असती का? आता माझ्या पोरीच्या मांडवाचं काय करू?"

ते उठले. सावकाश म्हणाले, "बरोबर हाय वयनी. माजी चूक. झाडाची काय चूक नाय." मग सामंतांकडे वळले. "फांदी मी उतरवतो. तुमचा एक जरी पत्रा फुटला, तर झाड कापा. मी आडवा येनार नाय."

बोलले आणि हेल्मेट काखेत मारून निघून गेले. मला मेलीला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी सोसायटी गॅलरीत. काशीदादांनी बुंधा ठोकला, कान लावला. "कोन हाय घरात?" उत्तर मनासारखं आलं असावं. वाळूची छोटी पिशवी बांधलेली बारीक दोरी गरगर फिरवून वरच्या बेचक्यात फेकली, तिच्यामागून जाड दोर ओढला आणि साठी उलटलेला हा माणूस सरसर वर गेला. वर कप्पी बांधली. फाटलेल्या फांदीला दोर, तो कप्पीवरून खाली, खाली अशोकाच्या बुंध्याला एक वेढा आणि टोक धरायला माणसं. सगळ्यात पुढे कोण? काशीदादांनी वरून बोट दाखवलं. "सिकामोर! तुमी पुढं."

शेंड्याकडचे तुकडे एकेक करून उतरले. चिकाचे पांढरे थेंब टपटपत होते, खाली हे सगळं झेलायला आमचे बर्च उभे. मग मधला जड ओंडका राहिला. वरून काशीदादांनी पीटरकडून शिकलेली आरोळी ठोकली, "स्टँड क्लिअर!" करवत खालून लागली. मग वरून. ओंडका सुटला, झोक्यासारखा वळला आणि सरळ ऑफिसच्या पत्र्यांकडे निघाला.

"धरा! सोडू नका!" काशीदादा ओरडले.

माझे डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ओंडका पत्र्याच्या वीतभर वर डुलत होता आणि दोराच्या या टोकाला सामंत चेअरमन जमिनीपासून अधांतरी लटकत होते. चपला खाली, सामंत वर. पण हात सुटला नव्हता हो त्यांचा! मागच्या लोकांनी जोर लावून दोर खाली ओढला. सामंत अंगणात टेकले. मग काशीदादांच्या खुणेबरोबर दोर हळूहळू सैल सोडला आणि ओंडका वळून मऊ मातीत येऊन बसला. पत्रा एकही फुटला नाही. कुंडीसुद्धा नाही!

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! गॅलऱ्यांतून ताटं वाजली. हळदीची जागा पाहायला आलेल्या बेंजोवाल्याने तिथेच बेंजो काढून ठेका धरला. सामंत लाल झालेले तळवे सगळ्यांना दाखवत हिंडत होते, "झाड वाचवलं आपण! मी म्हणतच होतो, कापायचं नाही!" काशीदादा शेवटचा छेद गळ्याशी देऊन उतरले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "आज सिकामोर ओक झाला."

मी पाणी घेऊन गेले तेव्हा ते उतरवलेल्या तुकड्यांतून एक सरळसोट, पानांचा झुबका असलेला तुकडा निवडून बसले होते. त्यावरून हात फिरवत होते.

"ही गौरीची मेढ," म्हणाले. "गाभ्यापर्यंत साबूत हाय."

"दादा, या फांदीला इतकी वर्षं हात का नाही लावलात?"

त्यांनी तो तुकडा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "नितेश रांगत होता तवा त्याच्या आयनं बोट दाखवलेलं. ही माज्या पोराच्या मांडवाची. दुसऱ्या कुनाला द्यायची नाय. आता त्याची आय गेली. पोरानं तिकडं हापिसात सही करून लगीन केलं. सून चांगली हाय, त्याबद्दल काय नाय. पन तिकडं मेढ नाय लावत, वयनी. मंग करवत घेऊन वर गेलो की हात उचलायचाच नाय."

त्यांच्या हातावरचा चीक मी पदराने पुसला, तेवढंच सुचलं.

मुहूर्त सकाळचा होता. मेढ काशीदादांनीच रोवायची, असं गौरीने सांगून टाकलं. भटजींनी अक्षता टाकल्या, गौरीने हळदकुंकू वाहिलं, माती दाबली गेली. तेवढ्यात काशीदादांनी खिशातून फोन काढला आणि व्हिडिओ लावला. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं. नितेश डोळे चोळत पडद्यावर आला.

"बग रे, तुज्या आयनं धरून ठेवलेली. लागली आज मांडवाला."

नितेशने चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाबा, ठोकून बगा ना. पक्की हाय का?"

काशीदादांनी हातोडा घेतला आणि फोन मेढीजवळ नेला. ठक. ठक. आणि त्या फोनमधून, सातासमुद्रापलीकडून, पोराने विचारलं, "कोन हाय घरात?"

इतकी वर्षं झाडांना हेच विचारत आलेल्या काशीदादांनी एकदा गौरीकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आमी हाय रे बाला. सगली हाय घरात!"