सामंतकाकूंचा ढाळ

आमच्या वास्तुशांतीला सामंतकाकू आल्या, पाय धुऊन येते म्हणून न्हाणीघरात गेल्या आणि दहा मिनिटं बाहेरच आल्या नाहीत. माझी बायको वैशाली घाबरली. तिने दार ढकललं, तर काकू जरीची साडी गुडघ्यापर्यंत सावरून उकिडव्या बसलेल्या. समोर लादीवर मगभर पाणी ओतलेलं, आणि त्या पाण्याकडे काकू टक लावून बघतायत.

"बिल्डरने फसवलंय तुम्हाला," त्या उठत म्हणाल्या. "पाणी जाळीपर्यंत जातंय, पण मनापासून नाही."

मग हात पुसून त्यांनी वैशालीच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं, दोन वेळा शिरा घेतला आणि गेल्या. ही आमची पहिली ओळख.

मनवेलपाड्याच्या आमच्या इमारतीत काकू बरोबर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. एकट्याच. यजमान आम्ही यायच्या आधीच गेले. काकूंनी सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयात नकाशे काढण्यात घालवली. नकाशे तरी कसले, तर गटारांचे. कुठलं सांडपाणी कुठून निघून कुठे जाणार, हे त्यांनी तीस वर्षं पेन्सिलीने ठरवलं. निवृत्त झाल्यावर कागद सुटले, पाणी सुटलं नाही. इमारतीत कुणीही लाद्या बदलल्या की काकू न बोलावता हजर. एकदा निर्मळच्या देवळात आम्ही बरोबर गेलो होतो. मी हात जोडून डोळे उघडले, तर काकू बाहेर. अभिषेकाचं पाणी जिथून पडतं तिथे वाकून बघत होत्या. "बघ, एक थेंब रेंगाळत नाही. जुन्या लोकांना अक्कल होती."

त्यांच्यासमोर 'स्लोप' म्हणायची मात्र सोय नाही. आमच्या इमारतीची गवंडीकामं कामणचा नाथा मिस्त्री करतो. भला माणूस, हातात कसब. एकदा तो गच्चीवर बोलून गेला, "काकू, स्लोप बरोबर दिलाय."

"कसला स्लोप?"

"स्लोप म्हंजे... स्लोपच."

"वरून बघशील तर तो उतार. खालून बघशील तर चढ. डोंगराची ती उतरण. आणि पाणी जायला करतात तो ढाळ. इंग्रजाने एका शब्दात सगळं उरकलं, त्याला कुठे इथे लाद्या बसवायच्या होत्या? तू यातलं काय दिलंयस?"

"ढाळ," नाथा पडेल आवाजात म्हणाला.

"मग तसं म्हण. म्हणजे हातही तसा चालेल."

माझी मुलगी इंग्रजी शाळेत. स्लोप मायनस कसा असतो, हे तिला काही केल्या कळेना. काकूंनी मराठी माध्यमाचं पुस्तक पैदा केलं. "हे वाच, रेषेचा चढ. उणे चढ म्हणजे उतार. जिना उतरतेस ना रोज?" पोरगी पास झाली. त्या दिवसापासून घरात काकूंचा शब्द शेवटचा. सोसायटीचे सेक्रेटरी एका ठेकेदाराची फार बाजू घेतात, असं मी एकदा म्हणालो, "त्यांचा स्लोप तिकडेच आहे." काकूंनी तेही दुरुस्त केलं. "माणसाला कल असतो. स्लोप नाही."

अशा काकूंना गेल्या हिवाळ्यात मी सांगितलं, की आमच्या न्हाणीघराच्या छताला ओल आलीय. मला वाटलं, आता पाण्याचा मग घेऊन धावत येतील. त्या म्हणाल्या, "बघू."

आठवडा गेला. ओल ताटाएवढी झाली. "बाहेरचा पाइप असेल," काकू म्हणाल्या. पाइप तपासला, ठणठणीत. "मग शेजारच्यांचं असेल." शेजाऱ्यांची मोरी तर वर्षभर बंद होती. शेवटी मी नाथाला आणलं. त्याने छतावर बोट टेकवलं, वास घेतला आणि म्हणाला, "हे सरळ वरचं पानी हाय. काकूंच्या घरचं."

मी हसलो. दुसऱ्या कुणाच्याही घरचं असू शकलं असतं. पण नाथा हसला नाही.

आम्ही वर गेलो. न्हाणीघराच्या दारात काकू आडव्याच उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत ते दार मी उघडं पाहिलं नव्हतं. नाथाने शांतपणे विचारलं, "बघू का?" तेव्हा त्या बाजूला झाल्या.

आत आकाशी लाद्या होत्या. नाथाने नळ सोडला. पाण्याने जाळीकडे पाठ फिरवली आणि ते सरळ मागच्या भिंतीशी जाऊन साचलं. नाथाने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"माहितेय मला," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षं माहितेय."

त्या स्टुलावर बसल्या. "आईच्या आजारपणात मी पंधरा दिवस कुडाळला होते. ह्यांनी तेवढ्यात लाद्या बसवल्या. स्वतः! पोस्टातला माणूस, भिंतीत खिळा ठोकला तर अंगठा सुजायचा. मला आकाशी रंग आवडतो म्हणून. मी आले तर दारात उभे, नखांत सिमेंट. म्हणाले, ढाळ बरोबर आहे ना गं? मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन्सिल मारायची. ह्यांना म्हटलं, अगदी बरोबर."

"पण पाणी साचलेलं त्यांना दिसलं नाही?" मी विचारलं.

"दिसू दिलं तर ना. त्यांची आंघोळ झाली की ते डोकं पुसेपर्यंत मी वायपर मारून मोकळी. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही."

नाथाने नळ बंद केला. मग काकूच उठल्या. "फोड रे नाथा. खाली माणसं राहतात, त्यांच्या घरात ओल नको."

नाथाने जपून लाद्या काढल्या. निम्म्याअधिक शाबूत निघाल्या. खाली वॉटरप्रूफिंग केलं, चार दिवस पाणी भरून ठेवलं. आमच्या छताला थेंब आला नाही. पाचव्या दिवशी लाद्या बसवायला त्याने जाळीच्या बाजूने दोरी ताणली.

"तिकडून नको," काकू म्हणाल्या. "होता तसाच ढाळ दे. भिंतीकडे."

"काकू, पानी मागं जाईल."

"जाऊ दे. आता खाली तर उतरणार नाही ना?"

"नाही, पण..."

"मग झालं."

नाथाने तीस वर्षांत जाणूनबुजून उलटा ढाळ दिला नव्हता. त्याचा हात सवयीने जाळीकडेच वळायचा. बसवलेली ओळ काकूंनी त्याला दोनदा उचलायला लावली. "अजून थोडं भिंतीकडे. हां. असंच होतं." संध्याकाळी जिना उतरताना तो मला हळूच म्हणाला, "हे काम मी केलं म्हनून कुनाला सांगू नका."

आमचं छत आता कोरडं आहे, रंगही दिलाय. सकाळी साडेसहाला वरून वायपर फिरल्याचा आवाज येतो, सावकाश, भिंतीपासून जाळीपर्यंत. वैशाली म्हणते, "काकूंची आंघोळ झाली," आणि चहाचं आधण ठेवते.