कोकिळाबाईंचा पालकवर्ग

एका जंगलात बातमी आली, तेव्हा कुणीच काही विशेष करत नव्हतं. हरणं चरत होती. माकडं एकमेकांच्या उवा काढत होती. सगुणा नावाची अस्वलीण आपल्या पिल्लाला, ढोल्याला, पाठीवर घेऊन वारुळाकडे निघाली होती.

अस्वलांची रीतच तशी, बाळांनो. पिल्लू पाठीवर, आई चालतेय, आणि दोघांची तोंडं सुरू.

"आई, ते काय?"

"मुंगूस."

"ते का पळतंय?"

"त्यालाच विचार. मी काय त्याची मावशी आहे?"

तेवढ्यात झाडावरून माकड ओरडलं, "ऐकलंत का? पिल्लाचा मेंदू म्हणे पहिल्या दोन-तीन वर्षांतच घडतो! पुढे नुसते केस वाढतात!"

सगुणा मटकन खाली बसली. "अगं बाई! आणि मी याला मुंगसं काय दाखवत बसलेय!"

बातमीमागोमाग कोकिळाबाई आल्या. आंब्यावर त्यांनी पालकवर्ग उघडला. बालसंगोपनात त्यांचा अधिकार मोठा.

"बाई, तुमची मुलं कुठं असतात?" कावळिणीने विचारलं.

"चांगल्या घरी वाढताहेत."

"माझ्याकडेही एक आहे बघा. काय गळा आहे मेल्याचा! आमच्यात कुणाचाच तसा नाही."

कोकिळाबाईंनी लगेच पहिला धडा सुरू केला.

वर्गाचा नियम एकच होता. पिल्लं आणायची नाहीत, लक्ष लागत नाही. म्हणून सगुणा रोज ढोल्याला टेंभुर्णीच्या झाडाखाली बसवून यायची.

पिल्लाला अंगाशी धरावं, हा पहिला धडा. त्याच्याशी भरपूर बोलावं, हा दुसरा. त्याने काही विचारलं, तर हातातलं काम टाकून उत्तर द्यावं, हा तिसरा. सगुणा मान डोलवायची आणि घरी येऊन धडे घोकायची.

"आई, आज टेंभुर्णीवर कोण आलं होतं, सांगू?"

"थांब रे. तिसरा धडा पाठ होऊ दे."

ढोल्या थांबला. थांबायला तो फार लवकर शिकला. कोकिळाबाई म्हणायच्याच, या वयात पिल्लं काहीही पटकन शिकतात.

दोन-तीन वर्षांनी वर्ग संपला. परीक्षेत सगुणा पहिली आली. गळ्यातल्या हारासकट धावत ती टेंभुर्णीखाली गेली. "चल राजा, बस पाठीवर!"

ढोल्या उठून उभा राहिला. तो तिच्याएवढा झाला होता.

"नको आई. तुझं कंबरडं मोडेल."

"बरं, मग बोलू या. विचार ना काहीतरी."

ढोल्याने जरा वेळ आठवून पाहिलं. "काही नाही," तो अदबीने म्हणाला, आणि एकटाच वारुळाकडे गेला.

सगुणा आंब्याखाली आली. "बाई, धडे सगळे पाठ आहेत. पण पोरगं बोलत नाही."

"त्याचा वेगळा वर्ग आहे," कोकिळाबाई म्हणाल्या. "उद्यापासूनच सुरू होतोय."

सगुणेने आपलं नाव घातलं.

तात्पर्य: मेंदू लहानपणीच घडतो, हे अगदी खरं आहे. म्हणून सुज्ञ आईबापांनी, मुलं मध्येमध्ये काय बोलतात तिकडे लक्ष न देता, या विषयाचा सखोल अभ्यास करावा. सगुणेने तो केला. ढोल्याशी बोलायचं तेवढं राहिलं.