परदेशातून आलेल्या तिसऱ्या

आमचं धामणबंदर सीमेवर आहे, हे आम्हांला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. गणपतीपुळ्याच्या गाड्या समोरून धुरळा उडवत जात आणि सरपंच हरिहरभाऊंचा रिसॉर्ट रिकामा पडे. मग 'सीमावर्ती पर्यटन' योजना निघाली. भाऊंनी अर्ज ठोकला. साहेबांनी विचारलं, रत्नागिरीत कसली आलीय सीमा? भाऊंनी समुद्राकडे बोट केलं. पलीकडे ओमान आहे की नाही? साहेबांना नाही म्हणता येईना. नाही म्हणायला भूगोल यावा लागतो.

मंजुरी आली. सीमा म्हटल्यावर किनाऱ्याला काटेरी तार आली, फाटक आलं, खाकीतले पहारेकरी आले आणि सूर्यास्ताला बूट आपटायचा कार्यक्रम सुरू झाला. पर्यटक खूश. त्यांची तक्रार एकच, कुणी पकडलं जात नाही. ओमानहून कुणी येईना, त्याला भाऊ तरी काय करणार?

गोदा मात्र येत होती. ओहोटीला वाळूतून तिसऱ्या काढायच्या आणि त्या शिंपल्या विकून चूल पेटवायची, एवढंच त्या विधवा बाईचं जगणं. ती ओल्या लुगड्याने, टोपली घेऊन समुद्राच्या बाजूने आली. म्हणजे परदेशाच्याच बाजूने की! पहारेकऱ्याने नियमानुसार अडवलं. टोपलीतला माल परदेशी ठरून जप्त झाला आणि रिसॉर्टच्या 'सीमावर्ती थाळी'त गेला.

"मी हितलीच हाय," गोदा म्हणाली. "माजा घर त्या माडाखाली."

"घुसखोर असंच म्हणतात," भाऊ समजुतीने म्हणाले. एरवी ते तिला गोदाकाकी म्हणतात, पण शासकीय कार्यक्रमात नाती आणायची नसतात.

तेव्हापासून ती रोज पकडली जाते. घरी जायला दुसरी वाट नाही आणि तिसऱ्या काही परसात उगवत नाहीत. तिने मजुरी मागितली, तर भाऊ म्हणाले, घुसखोराला मजुरी दिली तर उद्या खरेच येतील. मध्ये ती यायचीच थांबली, तेव्हा सगळं गाव तिची समजूत घालायला गेलं. बाई, जरा देशाचा विचार कर. आम्हीही गेलो होतो. आमच्याही दोन खोल्या आता भाड्याने जातात, खोटं कशाला बोला.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आला होतात. पुढच्या खुर्चीत बसून शूटिंग करत होतात. गोदा फाटकाशी हात जोडून तुम्हांलाच म्हणाली, "अवो, तुमी तरी सांगा ह्यांना. घरात खायाला काय नाय."

तुम्ही मोबाइल तिच्या तोंडाजवळ नेलात आणि घरच्यांना म्हणालात, "काय काम करते बाई! अगदी खरं वाटतं."

मग थाळी मागवलीत आणि तिसऱ्या आजच्याच आहेत ना, असं दोनदा विचारलंत.