एका फुटात तेवीस

सलाउद्दीनच्या तळहातावरचं गांडूळ बोटभर लांब आणि ओल्या मातीच्याच रंगाचं होतं. ऊन लागताच ते एका टोकाने आखडलं, मग दुसऱ्या टोकाने, आणि बोटांच्या फटीतून अंधाराकडे सरकू लागलं. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्ड्यातलं ते तेविसावं होतं.

धनराजने वहीत आकडा लिहिला. पुंजाने दुसरीकडे पाहिलं.

दिंडोरीजवळच्या द्राक्षवाल्यांचा हा गट दर मंगळवारी एकाच्या बागेत जमायचा. खड्डा खणायचा, गांडुळं मोजायची, माती कशाने सुधारली ते एकमेकांना सांगायचं. ज्याच्याकडे सर्वांत जास्त गांडुळं, त्याची बाग पेठ तालुक्यातून येणारे शेतकरी बघणार होते. गावात ठिबक पहिलं पुंजाने बसवलं होतं. आता पाहुणे बांधापलीकडे सलाउद्दीनकडे जाणार, या विचाराने त्याला भाकर गोड लागेना.

"काय घालतो गं तो मातीत?" त्याने घरी बायकोला विचारलं.

"घालतो काय? छाटणीच्या काड्या जाळत नाय. बारीक करून वेलाखाली पसरतो," वत्सलाबाई म्हणाली. "तीन वर्षं मी तुम्हाला तेच सांगते."

"विचार करतो."

"तीन वर्षं विचारच चाललाय."

पुढचा मंगळवार पुंजाचा होता. सकाळी वत्सलाबाई डेअरीत दूध घालायला गेली, तेव्हा गोठ्यामागच्या तिच्या गांडूळखताच्या वाफ्यातून त्याने अर्धी बादली गांडुळं काढली आणि बागेच्या शेवटच्या खांबापाशी पुरली.

गटाचा नियम त्याला खड्डा बुजवल्यावर आठवला. आदल्या खेपेच्या शेतकऱ्याने पाठ फिरवून खडा टाकायचा, पडेल तिथे खणायचं.

सलाउद्दीनचा खडा तिसऱ्या ओळीत पडला. खणलं. दोन गांडुळं.

"वाऱ्याने गेला," पुंजा म्हणाला.

"खडा?" धनराज म्हणाला. "पतंग हाय का तो?"

"एका जागेवरून काय कळतंय? सरासरी काढा ना."

दुसरा खडा विहिरीकडे गेला. एक. तिसरा पुंजाच्याच चपलेवर पडला. त्याला बाजूला करून खणलं, तर तिथे काहीच नव्हतं.

"मालकाला पण एक खडा पाहिजे," म्हणत पुंजाने पाठ फिरवली, दोनदा खांद्यावरून मागे पाहिलं आणि खडा असा टाकला, की तो शेवटच्या खांबावर टण्णकन वाजला.

चौसष्ट.

सलाउद्दीनने एक गांडूळ उचलून उन्हात धरलं. ते तांबडं होतं आणि अंगावर फिकट पट्टे होते.

"पुंजाभाऊ, हे लाल हाय. हे शेणात, कचऱ्यात राहतं. नुसत्या मातीत टिकत नाय."

"माझ्या मातीत टिकतं."

"आणि ही दोडक्याची साल?"

"ती पण टिकते," धनराज म्हणाला.

तेवढ्यात वत्सलाबाई चहाची किटली घेऊन आली. तिने खड्ड्यात पाहिलं, सालीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, ओलं पोतं टाका आधी वरून. उन्हात मरतील बिचारी."

पुंजा पोतं आणायला धावला. परत आला तेव्हा सलाउद्दीन सांगत होता, "मला कुठं काय येत होतं? माझ्या बायकोला, ताहेराला, या भाभींनीच शिकवलं. काड्या जाळू नका, पसरा. आम्ही तेच केलं."

पुंजाच्या हातातलं पोतं तसंच राहिलं. आठवडाभर ज्या तेवीस गांडुळांनी त्याचा जीव जाळला होता, ती त्याच्याच घरच्या सल्ल्यावर वाढली होती.

"मग वहीत काय लिहू?" धनराजने विचारलं. "पेठवाल्यांना कुठं न्यायचं?"

"भाभींच्या वाफ्यावर," सलाउद्दीन म्हणाला. "मग माझ्याकडे."

"म्हणजे माझ्या घरी!" पुंजा म्हणाला.

"घरी. पण तुमच्याकडे नाय."

सगळे हसले. वत्सलाबाईने सगळ्यांना चहा दिला आणि पुंजाला शेवटी. बांधावर एप्रिलच्या छाटणीच्या काड्यांचा ढीग वाळून पेटवायची वाट पाहत पडला होता. ऑक्टोबर छाटणी आठवड्यावर आली होती. पुंजा ढिगाकडे बघत राहिला. कपातल्या चहावर साय धरली.

"काय, विचार करताय?" तिने विचारलं.

"नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "यंदापासून काड्या जाळायच्या नाय."