टिटवीबाईंची सात दिवसांची नोटीस

एका जंगलात एक गुऱ्हाळ होतं. हसू नका मुलांनो. जंगलात सिंहाचा दरबार भरतो, माकडाचं लग्न लागतं, ते तुम्ही निमूट ऐकून घेता. मग गुऱ्हाळानेच काय घोडं मारलंय?

गुऱ्हाळ अस्वलशेठचं होतं. मधोमध एक चरक होता. चरकाला तीन जाडजूड लोखंडी लाटा. त्यांच्या फटीत एका बाजूने ऊस घालायचा. खाली रस गळायचा आणि पलीकडून चिपाड बाहेर पडायचं. चरक फिरवायला एक गवा होता. त्याच्या डोळ्यांना झापडं बांधलेली असत, कारण आपण दिवसभर एकाच जागी फिरतोय हे त्याला कळलं तर तो खचून जाईल, असं अस्वलशेठचं म्हणणं होतं. शेठ फार हळव्या मनाचे.

चरकात ऊस घालायचं काम गुणाजी वानराकडे होतं. काम साधं होतं. ऊस आत गेला पाहिजे आणि हात बाहेर राहिला पाहिजे. एवढं जमलं की झालं.

त्या जंगलावर वाघमहाराजांचं राज्य होतं. एकदा महाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले आणि येताना एक कायदा घेऊन आले. कामाच्या जागी कोणाला इजा होऊ नये, कोणाची तब्येत बिघडू नये, असा तो कायदा. त्यात बहात्तर नियम होते. महाराजांना तो इतका आवडला की त्यांनी तो न वाचताच लागू केला.

कायदा आला म्हणजे तपासणी आली, आणि तपासणी आली म्हणजे निरीक्षक आला. पहिला निरीक्षक घुबड होता. मोठा गंभीर चेहरा, मोठे डोळे. तपासणी भर दुपारी करायची असा नियम होता आणि घुबडाला दुपारी दिसत नसे. त्याने अकरा वर्षं निष्कलंक सेवा केली.

घुबड निवृत्त झाल्यावर महाराजांनी जाहिरात काढली : ‘धोका दिसताच ओरडता येणे आवश्यक.’ मुलाखतीला मोर आला, त्याला नाच येत होता. कोकिळा आली, ती वशिल्याने आली होती. पण निवड झाली टिटवीची. माळावर कोल्ह्याची सावली हलली तरी तिची ‘टिटिवटिव’ चार कोस जायची. महाराज म्हणाले, “हीच ती.”

टिटवीबाई मोठ्या कर्तव्यदक्ष होत्या. त्यांनी बहात्तरच्या बहात्तर नियम पाठ केले. पहिल्याच दिवशी त्या तपासणीला निघाल्या आणि, मुलांनो, उडताना टिटवी जे करते ते करत निघाल्या. म्हणजे ओरडत.

गुऱ्हाळात अस्वलशेठनी कान टवकारले. “अरे, बाई आल्या! चला, आवरा!”

गव्याला थांबवलं. अडगळीतून बांबूची जाळी काढून चरकापुढे लावली. रस आटवायच्या चुलाणाजवळ वाळूची बादली आली. गुणाजीला पानांची टोपी घालण्यात आली. ती कशासाठी हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण बरी दिसत होती. टिटवीबाई उतरल्या तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

“वा!” टिटवीबाई म्हणाल्या. त्यांनी जाळी पाहिली, बादली पाहिली, टोपी पाहिली. शेठनी आलं-लिंबू घातलेला रस पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. त्या किडे खात आणि तेही स्वतःचे स्वतः वेचून. शेरा लिहिला : ‘समाधानकारक.’

बाईंची पाठ वळली आणि जाळी अडगळीत गेली. जाळी लावली की ऊस सावकाश जायचा, आणि सावकाशपणा शेठना सोसत नसे.

महिनाभर असंच चाललं. बाई जातील तिथे सगळं समाधानकारक. बाईंना आधी आनंद झाला. मग नवल वाटलं. मग एक दिवस त्यांना बांबूच्या जाळीवर कोळ्याचं जाळं दिसलं. चांगलं जुनं, धुळीने भरलेलं. चरकापुढची जाळी रोज हलते, धुतली जाते, तिच्यावर कोळी संसार थाटेल कसा?

मग त्यांनी गुणाजीचा डावा हात पाहिला. करंगळी नव्हती.

“हे कसं झालं?”

गुणाजीने शेठकडे पाहिलं. “जन्मापासूनच आहे, बाई. म्हणजे नाही.”

त्याच्या आधी या जागी काम करणारा वानर चिपाडं वाळत घालत होता. त्याला दोन बोटं कमी होती. तीही जन्मापासूनच.

टिटवीबाई घरी आल्या आणि विचार करत बसल्या. आपण इतक्या कर्कश आहोत की आपल्या आधी आपला आवाज पोचतो, ही गोष्ट स्वतःशी कबूल करणं सोपं नसतं. पण बाईंनी ती केली. मनातून त्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या पायी निघाल्या. तोंडून ‘टि’ निघू नये म्हणून चोचीत एक खडा धरला. गवतातून, बांधाच्या कडेने, दम टाकत त्या गुऱ्हाळापर्यंत गेल्या आणि चिपाडांच्या ढिगाआड उभ्या राहिल्या.

चरक उघडा होता. गवा गरागरा फिरत होता. गुणाजी दोन्ही हातांनी ऊस सारत होता, आणि प्रत्येक वेळी त्याची बोटं लाटांपासून वीतभर अंतरावरून मागे येत होती. कधी वीतभर, कधी त्याहून कमी.

‘सापडलं!’ बाईंच्या मनात आलं. ‘आता नुसतं बघत राहायचं. सगळं डोळ्यांत साठवायचं आणि थेट महाराजांपुढे मांडायचं.’

तेवढ्यात एक गाठाळ, वाकडा ऊस आला. तो अडकला. गुणाजीने जोर लावला. ऊस सटकन आत गेला आणि त्याच्यामागोमाग गुणाजीचा उजवा हात निघाला.

बाई अजून क्षणभर गप्प राहिल्या असत्या तर त्यांच्या हाती असा पुरावा आला असता की अस्वलशेठची सात पिढ्यांत सुटका नव्हती. पण त्यांना ते सुचलं नाही. खडा थुंकून त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, “टिटिवटिव! टिटिवटिव!”

झापडांमुळे गव्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. हा आवाज आला की थांबायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. तो जागीच थबकला. गुणाजीचा हात लाटांपासून दोन बोटांवर थांबला.

गुणाजी चरकापासून मागे सरला. हात पोटाशी धरून तो रडायला लागला. इकडे सगळे त्याच्याभोवती जमले आणि तिकडे चुलाणावरच्या काहिलीतला गूळ करपला.

प्रकरण दरबारात गेलं. टिटवीबाईंनी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. जाळी नाही, झाकण नाही, हात जाता जाता वाचला.

महाराज म्हणाले, “गुणाजी, हात दाखव.”

गुणाजीने उजवा हात दाखवला. पाच बोटं.

“काही झालंय?”

“नाही, महाराज.”

“मग अपघात कुठे आहे?” महाराजांनी बाईंना विचारलं.

“मी ओरडले म्हणून झाला नाही, महाराज.”

“म्हणजे झालाच नाही.”

अस्वलशेठ हात जोडून पुढे आले. “महाराज, अपघात झाला. माझा झाला. काहीलभर गूळ करपला. माझ्या अपघातांच्या वहीत आजवर एक ओळ नव्हती. काल पहिली ओळ पडली.” त्यांनी वही उघडून दाखवली. ‘अपघात : गूळ करपणे. कारण : निरीक्षक.’

दरबारात हळहळ पसरली. वही खरंच फार स्वच्छ होती.

महाराजांनी कायद्याचा ग्रंथ मागवला आणि आयुष्यात पहिल्यांदा उघडला. उघडला तो नेमका नियम एक्केचाळीसवर. कामाच्या जागी गोंगाट होऊ देऊ नये. कामगाराच्या कानाला अपाय होतो. गोंगाट टळत नसेल तर कानांना संरक्षण द्यावं.

“हे बघा!” महाराज म्हणाले. “स्पष्ट लिहिलंय. टिटवीबाई, तुमचा आवाज हाच धोका आहे. यापुढे कामाच्या जागी ओरडायचं असेल तर सात दिवस आधी लेखी नोटीस द्यायची. आणि शेठ, तुम्ही गव्याच्या कानांची काळजी घ्या.”

शेठनी त्याच दिवशी सावरीचा कापूस आणून गव्याच्या दोन्ही कानांत ठासून भरला. बहात्तरपैकी त्यांनी पाळलेला हा पहिला नियम. गुऱ्हाळाच्या दारावर पाटी लागली : ‘येथे कामगारांच्या कानांची काळजी घेतली जाते.’

दरबार सुटल्यावर गुणाजी बाईंना वाटेत भेटला. त्याची मान खाली होती.

“बाई, रागावू नका. करंगळीचं तिथे सांगितलं असतं तर उद्यापासून कामावर कोणी ठेवलं नसतं. घरात चार पोरं आहेत.”

“मी रागावले नाही, गुणाजी. फक्त हात जपून ठेव.”

“जपतोच की. पण जाळी लावायला सांगा ना.”

बाईंनी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, “लावू की. तपासणीला याल तेव्हा लावलेलीच असते.”

मग टिटवीबाईंनी कायदेशीर मार्ग धरला. साळिंदर कारकुनाकडे जाऊन लेखी नोटीस दिली. साळिंदराने पाठीवरचा एक काटा उपसला आणि टोकदार अक्षरात नोंद केली : ‘आजपासून सात दिवसांनी दुपारच्या वेळी निरीक्षकांकडून ओरडण्यात येईल.’

तोवर बाई रोज पायी जाऊन चिपाडांच्या ढिगाआड मुकाट्याने उभ्या राहू लागल्या. गुणाजीच्या हातांवरून त्यांची नजर हलत नसे. चोचीत खडा असे. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसरा, चौथा. रोज संध्याकाळी बाई सुटकेचा निःश्वास टाकत आणि एक दिवस खोडत.

पाचव्या दिवशी पुन्हा एक गाठाळ ऊस आला.

धोका नोटीस देऊन येत नाही, मुलांनो. तेवढी शिस्त त्याला नाही. गुणाजीचा हात निघाला आणि बाई ओरडल्या. मुदत पुरी व्हायची होती, हुकूम पाठ होता, पण त्या ओरडल्या. गुणाजीही ओरडला. चुलाणापाशी असलेले ओरडले. सगळं जंगल ओरडत होतं आणि गवा शांतपणे चालत होता. त्याच्या कानांची उत्तम काळजी घेण्यात आली होती.

टिटवीबाई उडाल्या आणि त्यांनी गव्याच्या नाकावर जीव खाऊन चोच मारली. एकदा, दोनदा, पाचदा. गवा थांबला. तोवर गुणाजीचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला होता.

गुणाजी जगला. बाईंनी चोच मारली म्हणून जगला, हे मी तुम्हांला सांगतोय, कारण दुसरीकडे कुठे ते लिहिलेलं नाही.

जखम भरल्यावर गुणाजी साळिंदराच्या कचेरीत गेला. सोबत टिटवीबाई होत्या. आता तरी कोणी ‘अपघात कुठे आहे’ असं विचारणार नव्हतं.

साळिंदर सहृदय होता. त्याने गुणाजीला बसायला दिलं, पाणी दिलं. मग एक लांबलचक अर्ज काढला, काटा उपसला आणि विचारून विचारून सगळा भरला. नाव, झाड, फांदी, कामाचं स्वरूप, इजेचं स्वरूप. सगळं सुवाच्य.

“झालं,” साळिंदर म्हणाला. “आता इथे खाली उजव्या पंजाचा ठसा उमटवा.”

गुणाजीने डावा पंजा पुढे केला.

“डाव्याचा चालेल का?” त्याने विचारलं.

साळिंदराने नियम काढून पाहिला. पुन्हा पाहिला. त्याला खरंच वाईट वाटलं. “नाही हो. उजवाच लागतो. अर्जदार तोच आहे हे कळायला नको का?”

“अहो, तो हात गेला म्हणून तर अर्ज आहे!” बाई तडकल्या.

“ते अर्जात आलंय, बाई. पण ठशाशिवाय अर्ज ग्राह्य धरता येत नाही, आणि अर्ज धरल्याशिवाय हात गेला असं मला म्हणता येत नाही.” साळिंदराने अर्ज नीट घडी घालून गुणाजीच्या डाव्या हातात परत दिला. “बरं झालं तुम्हीही आलात, बाई. तुमच्याही नावे एक कागद आहे. मुदतीच्या दोन दिवस आधी ओरडलात, त्याबद्दल खुलासा मागितलाय. इथे सही करा.”

टिटवीबाईंनी सही केली. गुणाजी एका हाताने अर्ज धरून दारात उभा होता. तो कुठे ठेवावा हे त्याला समजत नव्हतं.

तात्पर्य : धोका दिसला म्हणून लगेच ओरडू नये. तो आधी पुरता घडू द्यावा. मग शांतपणे, रीतसर, उजव्या हाताने तक्रार नोंदवावी.